भाऊबीज आटोपून युरोप

रविवार, २० जुलै २०२५, दादर

रविवारच्या पेपरात सहल कंपन्यांच्या पानभर जाहिराती असतात, तशा आजही आहेत. युरोप, माणशी अमुक लाख, सवलत फक्त या आठवड्यापुरती. सासूबाई चष्मा लावून तळाचा बारीक मजकूर आधी वाचतात. त्यांची ही सवय मला फार आवडते, कारण खरी किंमत तिथेच कळते. व्हिसाचं शुल्क वेगळं, विमा वेगळा, टिप वेगळी, जीएसटी वेगळा आणि वर टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्याने आधीच कापून घ्यायचा आयकर. परदेशी सहलीच्या पॅकेजवर या वर्षी, २०२५ मध्ये, दहा लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो हे खरं, पण तोवर पैसे अडकून राहतात. चौघांचं पॅकेज दहा लाखांच्या आसपास जात असेल, तर ही रक्कम हिशेबात धरायलाच हवी.

आम्ही पॅकेज घ्यायचं नाही असं ठरवलं. आईंचे (सासूबाईंचे) गुडघे सकाळी सहाच्या बसला उठू देत नाहीत आणि आमच्या मुलाला, अर्णवला, एखाद्या ठिकाणी दोन तास बसावंसं वाटलं तर बसता आलं पाहिजे. व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट ही तीनच शहरं करायची, मध्ये रेल्वे. जायचं भाऊबीज झाल्यावर. तेव्हा शाळेला सुट्टी असते, युरोपातली गर्दी ओसरलेली असते आणि हॉटेलांचे दर मे-जूनपेक्षा बरेच खाली आलेले असतात.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला, 'युरोपला जायचं तर आता २० युरो जास्त भरावे लागणार.' बातमी खरी आहे, पण आपल्यासाठी नाही. एटिआस नावाची ती परवानगी ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहे. तिचं शुल्क आधी ७ युरो ठरलं होतं, ते २० करायचं आता जाहीर झालंय आणि ती सुरू व्हायची आहे २०२६ च्या शेवटी. न्यू जर्सीतल्या माझ्या दिरांकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, त्यांना ती लागेल. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या २९ देशांत चालणारा एकच व्हिसा) घेऊन जाणाऱ्याला एटिआस लागत नाही. नियम बदलल्याची कुठलीही बातमी आली की आधी विचारावं, कोणत्या पासपोर्टसाठी? हे मी ग्रुपवर लिहिलं, आणि दिरांना वेगळा मेसेज केला.

रविवार, ३ ऑगस्ट

ही बातमी मात्र आपली आहे. १२ ऑक्टोबरपासून युरोपात ईईएस नावाची सीमेवरच्या नोंदीची नवी पद्धत सुरू होणार, असं गेल्या आठवड्यात जाहीर झालं. शेंगेनच्या २९ देशांत बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची नोंद यंत्रावर होईल: चेहऱ्याचा फोटो, बोटांचे ठसे, आल्याची आणि गेल्याची तारीख. पासपोर्टवरचा शिक्का हळूहळू जाईल. सगळ्या सीमांवर एकदम नाही, टप्प्याटप्प्याने, १० एप्रिल २०२६ पर्यंत. म्हणजे आम्ही पोचू तेव्हा ही पद्धत नुकतीच सुरू झालेली असेल. माझ्या नवऱ्याला, मंदारला, रांगांची काळजी वाटते. मला वाटतं, विमानतळावर उतरल्यावर लगेच पुढची गाडी धरायची नाही, एवढं पाळलं की पुरे. म्हणून पहिला मुक्काम व्हिएन्नातच ठेवला.

आता कोणत्या देशाचा व्हिसा? इथे फुकटचे सल्ले फार मिळतात. 'ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते त्याचा घ्या, आत शिरलं की सगळं एकच.' हे मला पटत नाही आणि नियमातही बसत नाही. मुक्काम जिथे सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिला प्रवेश, तिथे. आमच्या रात्री प्रागला जास्त आहेत, म्हणून व्हिसा चेक प्रजासत्ताकाचा, विमान उतरणार ऑस्ट्रियात. हे पूर्णपणे रीतसर आहे. आता तर प्रवेशाची तारीख आणि व्हिसा यंत्रात शेजारी शेजारी दिसणार, तेव्हा भलत्या देशाचा व्हिसा घेऊन फिरणं आणखीच धोक्याचं.

सोमवार, ११ ऑगस्ट, लोअर परळ

प्रभादेवी सोडून पुढचं स्टेशन. व्हिसा केंद्रात मोबाइल बंद, पाण्याची बाटली बाहेर, आणि आत प्रत्येकाच्या हातात फाइल. आमची फाइल मी रात्री तीनदा लावली: अर्ज, फोटो (३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी), कव्हरिंग लेटर, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा, ऑफिसचं ना हरकत पत्र, शाळेचं पत्र, अर्णवचा जन्मदाखला, हॉटेलांची आरक्षणं, विमानाचं आरक्षण आणि विमा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आईंच्या वयामुळे त्यांचा हप्ता आम्हा तिघांच्या मिळून झाला त्याहून जास्त, पण तिथे काटकसर करायची नव्हती.

शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. युरो शंभर रुपयांच्या आसपास आहे, शिवाय केंद्राचा सेवाखर्च. व्हिसा नाकारला तर यातलं काही परत मिळत नाही.

ठसे घेताना आईंची वेळ आली आणि यंत्र काही केल्या बोटं ओळखेना. इतकी वर्षं भांडी घासली, पुरणं वाटली, बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. काउंटरवरची मुलगी मराठी होती. ती म्हणाली, "आजी, घाई नाही, हात जरा एकमेकांवर चोळा." तिने ओला टिश्यू दिला, बोटं हलकेच दाबून धरली आणि एकेक करत ठसे उमटले. इतक्या गर्दीत ती मुलगी एकदाही वैतागली नाही. मंदारचे ठसे लागलेच नाहीत. तो २०२३ मध्ये ऑफिसच्या कामासाठी म्यूनिकला गेला होता आणि एकदा दिलेले ठसे ५९ महिने वापरता येतात. अर्णव बाराच्या आतला, त्याचेही नाहीत.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

स्वातंत्र्यदिनाचे विमान-सेल. आमच्याच तारखांना, आमच्याच मार्गावर बरंच स्वस्त तिकीट दिसलं, पण रद्द केलं तर एक रुपया परत नाही. आम्ही घेतलं नाही. पासपोर्ट अजून तिकडे आहेत. आधी घेतलेलं दोहामार्गेचं तिकीट थोडं महाग आहे, पण व्हिसा न मिळाल्यास रद्द करता येतं. पासपोर्ट हातात नसताना परतावा नसलेलं तिकीट घेणं मला सवलत वाटत नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या गणपती. दुपारी मखराचं काम चालू असताना कुरिअरवाला आला. चारही पासपोर्टांवर व्हिसा. स्टिकरवरच्या तीन गोष्टी तिथल्या तिथे वाचून घेतल्या: मुदत कधीपासून कधीपर्यंत, प्रवेश किती, आणि वास्तव्याचे दिवस किती. मुदत लांब दिसते म्हणून तितके दिवस राहता येतं असा समज करून घेऊ नये. राहता येतात ते 'वास्तव्याचे दिवस' या रकान्यातलेच.

त्याच रात्री रेल्वेची तिकिटं काढली. ऑस्ट्रियन आणि चेक रेल्वेची लवकर काढलेली तिकिटं फार स्वस्त मिळतात, पण ती ठरलेल्या गाडीचीच असतात आणि बदलता येत नाहीत. व्हिसा हातात असताना ही अट चालते. विमानाच्या वेळी चालली नसती.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर, दादर ते टी-२

काल भाऊबीज झाली. फराळाचा डबा बरोबर घ्यायचा की नाही यावर घरात दोन मतं होती. नियम असा की युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्याला सामानातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. म्हणून तुपाची बरणी आणि पेढे घरी राहिले. चिवडा, चकल्या आणि आईंचं गोडा मसाल्याचं पुडकं बॅगेत गेलं.

भुयारी मेट्रो या महिन्यातच कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालीय. आम्ही शेवटच्या गाडीच्या बऱ्याच आधी दादरला चढलो आणि थेट विमानतळाच्या टी-२ स्थानकात उतरलो. दिवाळीच्या सुट्टीतल्या शुक्रवारी रात्री पश्चिम द्रुतगती मार्गावर अडकायचं नाही, या एका गोष्टीने आईंचा प्रवास हसतमुखाने सुरू झाला.

शनिवार, २५ ऑक्टोबर, व्हिएन्ना

दोहाहून दुपारी उतरलो. पासपोर्ट नियंत्रणाची रांग लांब होती, पण सरकत होती. ईईएस सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. आमच्या पुढे एक ब्रिटिश कुटुंब होतं. त्यांचे फोटोही घेतले, चार बोटांचे ठसेही. आमच्या वेळी फक्त फोटो. व्हिसा घेताना दिलेले ठसे यंत्रणेत आधीपासून असतात, ते नव्याने नोंदवावे लागत नाहीत. हा एक ठिकाणचा फायदा आपल्या पासपोर्टला आहे आणि तो फार कुणी सांगत नाही. अर्णवला कॅमेऱ्यासमोर टाचा उंचावून उभं राहावं लागलं.

अधिकाऱ्याने विचारलं, व्हिसा प्रागचा, मग इथे का? मंदारने सोमवारचं प्रागचं रेल्वे तिकीट आणि तिथल्या हॉटेलचं आरक्षण पुढे केलं. त्याने मान हलवली आणि शिक्काही मारला. एप्रिलपर्यंत दोन्ही चालणार. ही नोंद तीन वर्षं राहते आणि १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याचा हिशेब आता यंत्रच करतं.

विमानतळावरून शहरात जायला एका खास गाडीच्या मोठमोठ्या पाट्या दिसतात. त्याकडे न बघता सरकारी रेल्वेची नेहमीची गाडी धरावी. ती पंधरा मिनिटांत मुख्य स्थानकात पोचवते आणि तिकीट कितीतरी स्वस्त.

रविवार, २६ ऑक्टोबर, व्हिएन्ना

रात्री तीनला इथली घड्याळं एक तास मागे गेली. काल मुंबईशी साडेतीन तासांचं अंतर होतं, आज साडेचार. आईंनी बहिणीला फोन लावला तेव्हा तिकडे जेवणं आटोपून वामकुक्षी चालू होती.

आज ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन. १९५५ मध्ये २६ ऑक्टोबरला या देशाच्या संसदेने कायम तटस्थ राहण्याचा कायदा केला, त्याला आज सत्तर वर्षं झाली. हेल्डेनप्लाट्झवर लष्कराचं प्रदर्शन होतं, हेलिकॉप्टरं, रणगाडे आणि त्यांवर चढलेली शेकडो मुलं. अर्णवला तिथून हलवायला तास लागला.

जाहिरातीत कधीच दिसत नाहीत अशा सवलती इथे पावलोपावली आहेत. रविवारी, सणाच्या दिवशी आणि शाळांच्या सुट्टीत पंधरा वर्षांखालच्या मुलांना व्हिएन्नात मेट्रो-ट्राम फुकट, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. सरकारी संग्रहालयांत एकोणीस वर्षांखालच्या सगळ्यांना प्रवेश फुकट, मग ते कुठल्याही देशाचे असोत. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ब्रॉयगेलची बारा चित्रं एकत्र आहेत, जगात इतरत्र एवढी नाहीत. बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांच्या चित्रासमोर आई बाकावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कुत्री बघ कशी दमलीत." पॅकेज न घेतल्याचं समाधान मला तिथे वाटलं. कुणी झेंडा हलवत 'चला चला' म्हणत नव्हतं.

आईंचं बालपण गिरगावात, व्ही. पी. रोडला गेलं. ज्यांच्या नावाने तो रस्ता आहे ते विठ्ठलभाई पटेल १९३३ साली उपचारांसाठी व्हिएन्नात होते आणि सुभाषबाबूही तेव्हा इथेच होते. सविनय कायदेभंग थांबवण्याच्या गांधीजींच्या निर्णयावर टीका करणारं दोघांचं निवेदन याच शहरातून निघालं. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला विठ्ठलभाई जिनिव्हाजवळ वारले. रिंग नावाच्या रस्त्यावरून ट्रामने जाताना हे अर्णवला सांगितलं. आई म्हणाल्या, इतकी वर्षं त्या रस्त्यावर राहिले, पण ते इथे येऊन गेले हे मला कुणी शिकवलं नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर, व्हिएन्ना ते प्राग

सकाळी शोनब्रुनची बाग. राजवाड्याला तिकीट आहे, बागेला नाही. दुपारी प्रागची गाडी, चार तास. सीमा कधी ओलांडली ते फक्त मोबाइलवर चेक कंपनीचा मेसेज आला तेव्हा कळलं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर, प्राग

इथेही आज राष्ट्रीय सुट्टी! १९१८ मध्ये याच दिवशी स्वतंत्र चेकोस्लोव्हाकिया घोषित झाला. किल्ल्यावर संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते सन्मान दिले जातात, म्हणून किल्ला उद्यावर ठेवला आणि वेन्सेस्लास चौकात गेलो. पुतळ्यापाशी फुलांची चक्रं, ध्वज, लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप.

या दिवशी २०० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात. हे आधी वाचलेलं होतं, म्हणून दूध-पाव काल रात्रीच आणून ठेवला. तरी दही हवं होतं. कोपऱ्यावरची छोटी दुकानं उघडी असतात, त्यांतली बरीचशी व्हिएतनामी कुटुंबं चालवतात. दही मिळालं आणि रात्री खोलीत दहीभात झाला.

इथे नाणं युरो नव्हे, कोरुना. कार्डयंत्र विचारतं, रुपयांत की कोरुनांत? नेहमी कोरुना निवडावं. रुपये निवडले की दर यंत्रवाला ठरवतो.

बुधवार, २९ ऑक्टोबर, प्राग

पासष्टच्या वरच्यांना प्रागमध्ये ट्राम आणि मेट्रो फुकट, पासपोर्टवरची जन्मतारीख पुरावा म्हणून चालते. पंधराच्या आतल्यांनाही फुकट. म्हणजे आजी आणि नातू दोघं बिनतिकीट, तिकिटं फक्त आम्हा दोघांना. बावीस नंबरची ट्राम किल्ल्याच्या वरच्या दाराशी सोडते, त्यामुळे गुडघ्यांना चढ नाही, सगळा उतार. संत वीटच्या कथीड्रलमधल्या रंगीत काचा, मग हळूहळू खाली उतरून चार्ल्स पूल. पुलाचा पाया १३५७ मध्ये घातला गेला.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

पाऊस. कुत्ना होरा, चांदीच्या खाणींचं गाव, रेल्वेने तासाभरावर. मंदार आणि अर्णव गेले. आम्ही दोघी हॉटेलजवळच्या कॅफेत बसून राहिलो आणि मला तेही आवडलं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, प्राग ते बुडापेस्ट

सात तासांचा प्रवास लांबच, पण श्टुरोवोनंतर गाडी डॅन्यूबच्या काठाने जाते. पलीकडच्या तीरावर एस्टरगोमच्या बॅसिलिकाचा घुमट, मग विशेग्राडचा गड. या भागासाठी उजवीकडची खिडकी धरावी.

शनिवार, १ नोव्हेंबर, बुडापेस्ट

आज ऑल सेंट्स डे, पुन्हा सुट्टी. दुकानं बंद, दफनभूमी मात्र फुललेल्या. लोक शेवंतीच्या कुंड्या आणि मेणबत्त्या घेऊन चालले होते. आईंना माहीमच्या चर्चबाहेरची गर्दी आठवली. पिवळी मेट्रो १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे. आपली नवीकोरी मेट्रो आठ दिवसांपूर्वीच पाहिलेल्या अर्णवला ती जमिनीपासून इतकी कमी खोल का, हा प्रश्न पडला. रस्ता वरून खणून आणि पुन्हा झाकून बांधली, म्हणून. चित्रकार अमृता शेरगिलचा जन्मही याच शहरातला, १९१३ चा.

रविवार, २ नोव्हेंबर, बुडापेस्ट ते व्हिएन्ना आणि विमान

हेग्येशहालोमनंतर डब्यात ऑस्ट्रियन पोलीस आले. शेंगेनमध्ये सीमा नाहीत असं आपण म्हणतो, पण ऑस्ट्रियाने हंगेरीकडून येणाऱ्यांची तपासणी २०१५ पासून मुदत वाढवत वाढवत चालू ठेवली आहे. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवलेल्यांची तारांबळ उडाली. आमचे हातातच होते. व्हिसा पाहिला, परत दिला, संपलं.

विमानतळावर निघतानाची नोंद झटपट झाली. पुन्हा कॅमेरा, येतानाच्या फोटोशी जुळणी, शिक्का. मंदारचा हा दुसरा व्हिसाही रीतसर वापरून झाला. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम असा आहे की मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, हवं तितक्या वेळा जाण्याचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा. वेळेत निघालो याची नोंद आता यंत्रात पक्की आहे, ते त्याच्या कामीच येईल.

रविवार, ९ नोव्हेंबर, दादर

ठाण्याहून वन्सं आल्या. त्यांना मे महिन्यात इटलीला जायचंय, दोन मैत्रिणींबरोबर. सोबत एका जाहिरातीचं कात्रण, अर्थात सवलत या महिन्यापुरतीच.

मी आधी त्यांचा पासपोर्ट मागितला. मुदत जुलै २०२६ ला संपते. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो, मग मे अखेर परतल्या तर तो ऑगस्ट अखेरपर्यंत तरी चालू हवा. तेव्हा जाहिरात बाजूला ठेवून आम्ही नूतनीकरणाचा अर्ज उघडला. नवा पासपोर्ट आला की मेच्या प्रवासाची व्हिसा अपॉइंटमेंट लगेच धरता येते, कारण अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मार्चपर्यंत थांबायचं कारण नाही. त्या जातील तेव्हा शिक्के बंद झालेले असतील, म्हणून बोर्डिंग पास आणि तिकिटं जपून ठेवा, असंही सांगितलं. एटिआसचं विचारत होत्या. ते तुम्हाला नाही, म्हटलं. दुपारी चहा घेता घेता पासपोर्ट केंद्राची तारीख मिळाली, गुरुवारची.